हेरन सराईची गरज काय?

९ जानेवारी १९११, सोमवार

पोलिसांचा सार्जंट दुपारी आला. टोपी काढून चुलीपाशी ऐसपैस बसला, सफरचंदाची सायडर प्यायला, माझी बहीण लव्हडेताई हिच्या हातची मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली, बोटं चाटली आणि दारात उभा राहून नोटीस माझ्या हातावर ठेवली.

"आल्या आल्या का नाही दिलीस?" मी विचारलं.

"आधी दिली असती तर पेस्टी मिळाली असती का?" म्हणाला आणि निघून गेला.

नोटिशीत लिहिलंय की तालुक्यात दारूची घरं फार झाली आहेत. तरी सात फेब्रुवारीला परवान्यांच्या सभेत हेडली रोझविअर यांनी, म्हणजे मी, मॅजिस्ट्रेटांपुढे हजर राहून, पोलव्हीन गावाला हेरन या सराईची गरज काय, ते दाखवून द्यावं. नाहीतर परवाना पुढे चालू राहणार नाही.

गरज काय म्हणे. मी या घराच्या माडीवर जन्मलो, माझे बाबा जन्मले, त्यांचे बाबा जन्मले. गावात पोस्ट नाही, डॉक्टर नाही. आहे ते एक चॅपल आणि एक हेरन. चॅपलची गरज काय, हे कोणी कोणाला विचारत नाही.

ताईला नोटीस वाचून दाखवली. ती पीठ मळत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "सराईचा इतिहास लिहून काढ. तीनशे वर्षांचं घर आहे म्हटल्यावर बंद करायची कोणाची टाप आहे? बाकी लिहिण्याच्या नावाने तुझी बोंबच, म्हणून आत्तापासून बस."

म्हणून बसलोय. इतिहास काही सुचत नाही, सार्जंटचं तेवढं लिहून झालं.

१२ जानेवारी, गुरुवार

आज केझायाचा दिवस. केझाया नॅनकिव्हेल म्हणजे चॅपलची, दारूला पाप मानणाऱ्या प्रार्थनाघराची, कारभारीण. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तेव्हापासून मागे वळून मला बोलण्याची तिला सवय. दर गुरुवारी ती खाडीपलीकडे दगडखाणीवरच्या बायकांना बायबल शिकवायला जाते. दुपारी मी तिला होडीने सोडतो, अंधार पडायच्या आत परत आणतो. हेरनचा मालक तोच खाडी ओलांडून माणसं नेणारा नावाडी, हे पहिल्यापासून असंच आहे. सराईला ती सराई म्हणत नाही. गुत्ता म्हणते.

आज होडीत बसल्या बसल्या म्हणाली, "नोटीस आली म्हणे."

"तुला आनंद झाला असेल."

"झाला. मी सभेत येऊन तुझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

"उपकार झाले."

"आणि तो खोकला किती दिवस अंगावर काढणार आहेस? लव्हडेला सांग, मध आणि कांदा दे म्हणावं."

ही असली बाई. एका वाक्यात घर बुडवते आणि दुसऱ्यात कांदा खायला सांगते. परतताना सगळ्या वाटेने आम्ही भांडत आलो. तिने निळी टोपी घातली होती, जी तिला बरी दिसते, पण स्वभावाला टोपी काय करणार.

धक्क्यावर कालवं काढणारा जोरी जाळं विणत बसला होता. म्हणाला, "इतका वेळ लागला?"

"ओहोटी होती."

"ओहोटी तुला इकडेच आणत होती ना रे?"

जोरीला दुसऱ्याच्या होडीत नाक खुपसायची खोड आहे. कालवं काढायची कामं कमी असली की असंच होतं.

१६ जानेवारी, सोमवार

इतिहास गोळा करायला सुरुवात केली. गावातलं सर्वांत जुनं हाड म्हणजे डिगोरीकाका. त्यांच्यापुढे बिअरचा मग ठेवला आणि म्हटलं, काका, सांगा. काकांनी सांगितलं की लढाईत हरलेला एक राजा पळून जाताना हेरनमध्ये उतरला होता आणि त्याचा घोडा आमच्या दगडी कुंडीतलं पाणी प्यायला.

"कोणता राजा, काका?"

"घोडा पांढरा होता," काका म्हणाले. राजाबद्दल त्यांना तेवढंच माहीत.

जोरी म्हणाला, ते जाऊ दे, तळघरातून खाडीपर्यंत चोरवाट आहे, चोरटी ब्रँडी त्या वाटेने यायची, हे शेंबडं पोरही सांगेल. चोरवाट दाखवली तर मॅजिस्ट्रेट हरखून जातील. मला ते पटलं. पटायला नको होतं. दुपारभर दोघांनी पिंपं हलवली, मागची भिंत फोडली, आणि चोरवाट सापडली. ती माझ्या पणजोबांनी बांधलेली मोरी निघाली. तीन पिढ्यांचा वास एकदम बाहेर आला. आज संध्याकाळी गिऱ्हाईकं बाहेर धक्क्यावर उभी राहून प्यायली, ताई माझ्याशी बोलत नाहीये.

१९ जानेवारी, गुरुवार

केझाया होडीत चढताच नाकाला रुमाल लावून म्हणाली, "इतिहास सापडला असं ऐकलं."

पुढे लिहिण्यासारखं काही नाही. पलीकडे जाईपर्यंत हसत होती.

२३ जानेवारी, सोमवार

दिवसभर पाऊस. दुपारपासून सराईत डिगोरीकाका आणि जोरी, बस. जागा कोणाची कुठे ते ठरलेलं, गप्पा कालच्याच. मी मनात म्हटलं, मॅजिस्ट्रेट आत्ता आत आले तर काय बघतील? एक म्हातारा, एक आळशी माणूस आणि एक भिजलेलं कुत्रं. खरंच गरज काय आहे? नोटीस आल्यापासून हा विचार मी पहिल्यांदा केला. ही सराई गेली तर मी कोण, हे मला सांगता येणार नाही.

काकांचा मग अर्धा भरला होता तेवढ्यात पलीकडच्या काठावरची घंटा वाजली. मी पिंपाचा नळ बंद केला आणि निघालो. घंटा वाजली की हातातलं काम असेल तिथे टाकायचं आणि होडी काढायची. आलेला माणूस चुलीपाशी बसेपर्यंत या घरात एक थेंबही कोणाला ओतला जात नाही. काका अर्धा मग घेऊन मुकाट बसले. या रिवाजावर कुरकुर केलेली मी कधी ऐकली नाही.

पलीकडे खाणीवरची सुईण उभी होती. लोहाराच्या सुनेचे दिवस भरलेत म्हणून निघाली होती. खाडीला लाटा होत्या, दोघंही चिंब झालो. तिला चुलीपाशी बसवून गरम दूध दिलं आणि लोहाराकडे पोचवलं. मुलगी झाली. मग काकांचा उरलेला अर्धा मग भरला.

इतिहासात यातलं काय लिहिणार? राजा नाही, घोडा नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

शेवटी हट्ट सोडून केझायालाच विचारलं. तिचं घराणं आमच्याइतकंच जुनं आहे.

"शत्रूला दारूगोळा मागतोस?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "एक सांगते, पण कुठे लिहायचं नाही. आमचं चॅपल बांधायच्या आधी गावात उपदेशाला जागा नव्हती. जमीनदार कुठे उभं राहू देईना. तेव्हा तुझ्या पणजोबांनी माडीवरची खोली दिली. माझे पणजोबा बुटके होते म्हणून त्यांना पिंपावर उभं केलं. गावातलं पहिलं प्रवचन बिअरच्या पिंपावरून झालं, हेडली. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही."

मला इतकं हसू आलं की वल्हं निसटता निसटता वाचलं. तिने डोळे वटारले, पण ओठ हलत होते.

मग तिने विचारलं, "परवाना गेला तर काय करशील?"

"काय करणार? होडी चालवीन. घंटा वाजली की जावं तर लागेलच. नुसता नावाडी म्हणून राहीन."

"नुसता नावाडी," ती म्हणाली, आणि धक्का येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मी दोनदा टोमणा मारून पाहिला, तरी नाही. उतरताना "सांभाळून राहा" म्हणाली. तिला बरं नसावं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

केझाया पलीकडे गेली नाही. सभेची तयारी करतेय म्हणे. मी तरी सवयीने होडी पुसून ठेवली. आजचा गुरुवार फार लांबला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सराईत सगळे जमले. इतिहासाचं काय झालं, जोरीने विचारलं. मी म्हटलं, एक मोरी आणि एक पांढरा घोडा. चॅपलची गोष्ट सांगितली नाही, शब्द दिलाय.

तेव्हा लोहार उठला. "इतिहास घाल चुलीत. गरज दाखवायची ना? मग ज्यांना गरज आहे ती सगळी माणसं नेऊन उभी करू. अख्खं गाव नेऊ. कोर्टात मावलं नाही तर बाहेर उभे राहू."

सगळ्यांनी मेजं बडवली. दोन गाड्या ठरल्या. लोहाराची सून बाळ घेऊन येणार. पाय दुखतात म्हणून रविवारी चॅपलमध्येसुद्धा न जाणारे डिगोरीकाका म्हणाले, "मला पुढच्या गाडीत, गवतावर." सगळ्यांना एकेक मग माझ्यातर्फे पाजला, आणि ताईने पहिल्यांदाच त्यावरून बडबड केली नाही.

७ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी उजाडता उजाडता दोन गाड्या भरून निघालो. ताईने टोपलीभर केशराचे पाव घेतले होते. चॅपलवाल्यांची घोडागाडीही आमच्यामागून निघाली, आमच्याविरुद्ध साक्ष द्यायला. वाटेत त्यांचं चाक रुतलं तर आम्हीच उतरून ढकललं. त्यांनी आभार मानले, ताईने त्यांनाही पाव दिले. त्यांच्या गाडीत केझाया दिसली नाही. मला वाटलं, मागून येत असेल.

कोर्टात गर्दी मावेना. बाळ रडत होतं, काका लोकांना घोड्याची गोष्ट सांगत होते. मॅजिस्ट्रेटांच्या खुर्च्या मात्र रिकाम्या. सभेची वेळ झाली, टळली. शेवटी मी कारकुनाला विचारलं, साहेब लोक कुठे आहेत?

कारकून चष्मा पुसत म्हणाला, "पोलव्हीनचा सराईवाला तूच ना? कर्नल ट्रेगार्थन आणि दुसरे साहेब सकाळच्या आगगाडीने पलीकडच्या काठाला गेलेत. म्हणाले, साक्षी काय ऐकायच्या, आपण स्वतः वाटसरूसारखी घंटा वाजवू आणि बघू कोणी येतं का. आलं तर गरज आहे, नाही आलं तर नाही."

मी मागे वळून बघितलं. ताई तिथे होती. जोरी होता. लोहार, लोहाराची सून, चार महिन्यांत गावाबाहेर न पडलेले काका, कुत्रंसुद्धा. अख्खं पोलव्हीन सराईची गरज सांगायला इथे उभं, आणि सराईत चिटपाखरू नाही. मागे कोणी थांबायचं हे ठरवायचंच राहिलं होतं. हेरन रिकामी पडू शकते, हे आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"संपलं," मी म्हटलं.

"गाडी जोड," ताई म्हणाली.

परतीला निघालो. कर्नल थंडीत घंटा बडवतोय आणि माझी होडी या काठाला बांधलेली, हेच डोळ्यांपुढे येत होतं. परवान्याचं दुःख होतंच. पण त्या घंटेला ओ दिली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ते माझ्या हातून झालं, हे जास्त लागलं. बाबांना तोंड कसं दाखवलं असतं, असं वाटत राहिलं.

गाव दिसलं तेव्हा जोरी गाडीत उभा राहिला. "हेडली, धुराड्यातून धूर येतोय."

मी धावत आत गेलो. चूल धडधडत होती. पुढ्यात दोन साहेब बसले होते. कर्नलच्या एका पायात चिखलाने माखलेला बूट, दुसऱ्या पायात माझा लोकरी मोजा. दुसरा बूट चिखलाने गिळला होता. दुसरे साहेब शिंकत होते आणि केझाया त्यांना चमच्याने ब्रँडी पाजत होती. चमच्याने, खोकल्याच्या औषधासारखी. तोंड दुसरीकडे फिरवून.

"नळाला मी हात लावलेला नाही," ती मला बघताच म्हणाली. "चहा दिलाय. ही औषध म्हणून."

"होडी कोणी नेली?"

"मी नेली. दुसरं कोण होतं?"

कर्नल खो खो हसले. "रोझविअर, या बाई तासभर आम्हाला तुझ्या घराची निंदा ऐकवतायत. इथे माणसं वेळ घालवतात, अक्कल घालवतात, चोरवाटा खोदतात. मी म्हटलं, मग बंद करतो. तर म्हणाल्या, बुडालेला माणूस सापडला तर तो पहिला इथे आणतात. सुईण इथून जाते. भांडणं इथे मिटतात. आणि आमचं चॅपल या माडीवर, बिअरच्या पिंपावर जन्मलं. असं बोलणारा साक्षीदार तू गाडी भरून आणला असतास तरी मिळाला नसता."

मागे दारात चॅपलवालेही पोचले होते. पिंपाचं ऐकून त्यांच्यातल्या तरुणांचे चेहरे बघण्यासारखे झाले. म्हाताऱ्यांनी जमिनीकडे बघितलं.

"निकाल उद्या कोर्टात देऊ," कर्नल म्हणाले. "पण उद्या कृपा करून एकटाच ये. गाव इथेच राहू दे."

साहेबांना मीच पलीकडे सोडलं. परत आलो तोवर केझाया गेली होती. बशा धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

८ फेब्रुवारी, बुधवार

परवाना मिळाला. कर्नलनी मोजा धुऊन इस्त्री करून परत दिला.

गावात गाणी चालू आहेत. मला मात्र एक उलगडत नाही. केझाया साक्षीला का आली नाही? ती कोर्टात असती आणि सराई रिकामी, तर सगळं तिच्या मनासारखं झालं असतं. ताईला विचारलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा मोरी फोडली होती. म्हणाली, "उद्या गुरुवार आहे. तिलाच विचार, बैला."

९ फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं. खाडीच्या मध्यावर.

ती म्हणाली, "चॅपलची गाडी दाराशी आली होती. मी टोपी घालून तयार होते. तेवढ्यात तुमच्या गाड्या वळणावर दिसल्या आणि लव्हडेही त्यात दिसली. म्हटलं, मग घंटेला कोण आहे? गाडीवाल्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे."

"पण तुला तर हेरन बंद व्हायला हवी होती. वर्षानुवर्षं तेच करतेयस."

"हो. हवी होती."

"का पण? एवढं वाकडं काय आहे आमच्याशी?"

तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "हेडली रोझविअर, चॅपलची बाई गुत्तेवाल्याशी लग्न करू शकत नाही. गुत्ता बंद पडला असता तर तू नुसता नावाडी राहिला असतास. नावाड्याला आमच्याकडे हरकत नाही."

मी वल्ही तशीच धरून बसलो. होडी हळूहळू धारेला लागली. खरं सांगायचं तर मला आनंदाने रडू येत होतं आणि आपण किती बैल आहोत तेही त्याच वेळी कळत होतं. हे सगळं मनात धरून ती परवा आपल्या हाताने होडी काढून गेली आणि माझी सराई वाचवून आली.

"मग आता कसं करायचं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं. "परवाना तर मिळाला."

"माहीत आहे. मीच मिळवून दिला." निळी टोपी तिने सरळ केली. "चॅपल कुठे जन्मलं ते मॅजिस्ट्रेटांना सांगून झालंय. आता येत्या रविवारी चॅपलमध्ये उभी राहून सांगणार आहे. ज्या घराने आपल्या देवाला जागा दिली, त्या घरात मला जायचंय. बघू कोण काय म्हणतं."

मी म्हटलं, "मी येऊ रविवारी? शेजारी उभा राहायला?"

"ये," ती म्हणाली. "आंघोळ करून ये. आणि वल्हव आता, आपण समुद्राला लागलोय."